नियम मुलांनीच करायचे, तर खेळाचा तोल कसा राखायचा?

उदगीरहून वाचनालय चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांच्याकडे दर रविवारी सहा मुलं जमतात, तिसरीपासून आठवीपर्यंतची. त्यांच्यासाठी त्यांनी एक खेळ तयार केला. आपल्या पाळीला प्रत्येकानं एक नवा नियम सांगायचा, हात वर करून मत घ्यायचं, जास्त हात आले की नियम लागू. अर्धा तास छान गेला. मग आठवीतल्या दोघांनी दोन धाकट्यांना आपल्या बाजूला ओढलं आणि प्रत्येक नियम त्यांच्याच फायद्याचा होऊ लागला. तासाभरात 19 नियम जमले, कुठला चालू आणि कुठला बंद तेच कळेना, आणि पाचवीतली एक मुलगी न बोलता उठून खिडकीशी पुस्तक घेऊन बसली. ते विचारतात, "असा खेळ समतोल होऊच शकतो का, की नियम मीच करून द्यावेत?"

होऊ शकतो. आणि नियम तुम्ही करून देऊ नका. बीड जिल्ह्यातल्या शाळांत 22 वर्षं शिकवते आहे. त्यातली 16 वर्षं उन्हाळी शिबिरांत आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला हाच खेळ वेगवेगळ्या रूपांत घेत आले आहे. तुमच्याकडे जे झालं ते माझ्याकडे पहिल्या दोन उन्हाळ्यांत दर आठवड्याला व्हायचं, त्यामुळे त्या खिडकीतल्या मुलीचं वाचून थांबताच आलं नाही.

तुम्ही नियमांचा तोल शोधताय. पण तुमच्या खेळात नियम दर पाळीला बदलतात. आज मोजूनमापून बसवलेला नियम पुढच्या पाळीला उरेलच असं नाही, मग तो तोलून काय उपयोग? तोलायचा असतो तो नियम करण्याचा हक्क. तो कुणाला मिळतो, कधी मिळतो, किती वेळा मिळतो, आणि केलेला नियम किती काळ जगतो, एवढ्या चार गोष्टी बसवल्या की मुलांनी कितीही वाकडे नियम केले तरी खेळ उभा राहतो. या चार गोष्टी बसवल्या नाहीत, तर प्रत्येकानं सज्जनपणे नियम केले तरी तो एका बाजूला कलतोच.

आपण सगळे हे लहानपणी शिकलोय. गल्लीतल्या क्रिकेटचे नियम कुणी छापून दिले नव्हते. एक टप्पा औट, भिंतीपलीकडे गेला तर औट आणि बॉलही त्यानंच आणायचा, पहिला बॉल ट्राय. गल्ली अरुंद, बॉल एकच, पलीकडच्या घरातल्या आजी तापट, यातून ते नियम जन्मले. ते चांगले होते, कारण नियम सांगणाऱ्यालाही पुढच्या पाळीला त्याच गल्लीत, त्याच भिंतीसमोर उभं राहायचं होतं. मोडायचं ते एकाच ठिकाणी: ज्याची बॅट त्याची बॅटिंग. ती ताकद नियमांच्या बाहेरची. तो औट झाला की बॅट काखेत मारून घरी निघायचा, आणि बाकीचे "बरं, ट्राय बॉल होता" म्हणायचे. म्हणून कुठल्याही गटात मी आधी हेच बघते की इथे बॅट कुणाची आहे. तुमच्या वाचनालयात ती आठवीतल्यांची आहे. त्यांचं वय, त्यांचा आवाज, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर करावा लागणारा हात, ही त्यांची बॅट.

"समतोल" या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण बरेच जण त्याचा अर्थ "सगळ्यांना सारखं" असा घेतात. वाघ-बकरीचा पट आठवा. नेपाळी बाघचालीत एकाकडे 4 वाघ, दुसऱ्याकडे 20 बकऱ्या. वाघांनी 5 बकऱ्या मारल्या की वाघ जिंकले, बकऱ्यांनी सगळ्या वाघांची कोंडी केली की बकऱ्या जिंकल्या. दोन्हीकडे काहीच सारखं नाही, तरी डाव अटीतटीचा होतो. मुलांच्या टेबलावर समतोल म्हणजे माझ्या लेखी एवढंच: कुठल्याही क्षणी, सगळ्यांत मागे असलेल्या मुलाकडेही पुढच्या पाळीला करण्यासारखं काहीतरी असावं आणि ते केल्यानं फरक पडावा. तुमची मुलगी हरत होती म्हणून उठली नसेल. तिनं काही केलं तरी काही बदलणार नव्हतं, म्हणून उठली असेल.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधीच सांगते. तीन मुलं असतील तर बहुमत म्हणजे दोघं, आणि दोघांची जोडी एकदा जमली की तिसऱ्याचा डाव संपला. तिथे एकमतच हवं. सहाजण असतील तर गुप्त मतदानानं बरंचसं भागतं. सख्खी-चुलत भावंडं एका टेबलावर असतील तर त्यांचे घरचे हिशेब खेळात उतरतात. आणि मुलं पुन्हापुन्हा भेटणारी आहेत की एकाच दिवसापुरती, यावर तर फारच. दर रविवारी भेटणाऱ्या मुलांना मागच्या रविवारचा राग आठवतो, पण मागच्या रविवारचा न्यायही आठवतो. तुमची मुलं दर आठवड्याला येतात, ही तुमची जमेची बाजू.

सुरुवात कोऱ्या पाटीनं करू नका. "कसलाही खेळ बनवा" म्हटलं की धीट मुलं बोलतात आणि बाकीची त्यांच्या तोंडाकडे बघतात. आधी एक अगदी साधा खेळ हातात द्या, मग त्याच्यावर नियम चढू द्या. मी चल्लस-आठ या पटाच्या खेळातल्या चार कवड्या घेते, नाहीतर चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या चार फाकी. एक उताणी पडली तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. जितकं दान पडेल तितके चिंचोके उचलायचे, आणि 50 चिंचोके आधी जमवेल तो जिंकला. बस्स, एवढाच मूळ खेळ.

कवडी दोन्ही अंगांवर सारखीच पडते असं धरलं तर 16 शक्यतांपैकी एक पडण्याच्या 4, दोन पडण्याच्या 6, तीनच्या 4, चारची 1 आणि आठची 1. सरासरी दान येतं अडीच. म्हणजे नुसतंच खेळलं तर 50 गाठायला साधारण 20 फेऱ्या लागतात. मुलं नियम करू लागली की हेच दहा-बारा फेऱ्यांवर येतं, तासाभरात बसतं. हा हिशेब तुमच्या डोक्यात असू द्या, कारण "आठ पडले तर पाच जास्त" हा नियम कानाला मोठा वाटतो, पण तो क्वचितच लागतो. "दोन पडले तर दोन जास्त" हा गरीब दिसणारा नियम मात्र दर फेरीला कुणाच्या तरी पदरात चिंचोके टाकत राहतो. खऱ्या कवड्या दोन्हीकडे अगदी सारख्या पडत नाहीत, चिंचोक्याच्या फाकी तर नाहीतच. मोठ्या मुलांना एकदा शंभर वेळा टाकून नोंदवायला सांगा. त्या दिवसानंतर ती कवड्यांवरचे नियम फार विचार करून करतात.

आता हक्काच्या चौकटीकडे येऊ. काही नियम असे ठेवा की जे मतदानानं बदलता येणार नाहीत. पीटर सुबर नावाच्या अमेरिकी तत्त्वज्ञानं 1982 साली "नोमिक" नावाचा खेळ मांडला, त्यात नियम बदलणं हीच खेळी असते. त्यानं सुरुवातीचे नियम दोन गटांत विभागले: 101 ते 116 सहजी न बदलणारे, 201 ते 213 बदलता येणारे. तिथे पक्के नियमही बदलता येतात, पण आधी एकमतानं त्यांना कच्च्यांच्या गटात आणावं लागतं. आपल्या राज्यघटनेतही 368 वं कलम दुरुस्तीची वाट देतं, आणि 24 एप्रिल 1973 च्या केशवानंद भारती निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या 13 न्यायमूर्तींच्या पीठानं 7 विरुद्ध 6 मतांनी सांगितलं की त्या वाटेनं जाऊन घटनेचा मूळ गाभा मोडता येणार नाही. आठवीच्या मुलांना हे सांगितलं की ती एकदम सरसावून बसतात. आपण करतोय ते पोरखेळ नाही, हे त्यांना तिथे कळतं.

माझे पक्के नियम चारच आहेत. कुणालाही खेळाबाहेर काढायचं नाही आणि कुणाची पाळी चुकवायची नाही. अंगाला त्रास होईल अशी शिक्षा नाही. हे सांगावंच लागतं, कारण मुलांचे पहिले दोन-तीन नियम हमखास उठाबशांचे असतात. नियम मागच्या तारखेनं लागू होणार नाही. आणि चौथा जरा वेगळा आहे, त्यासाठी एक प्रसंग सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत माझा नियम होता, "नियमात कुणाचं नाव घ्यायचं नाही." त्यामुळे "मला दहा चिंचोके" हे थांबलं. मुलं हुशार, त्यांनी नाव न घेता नाव घ्यायला सुरुवात केली: "ज्याचा शर्ट निळा त्याला तीन." सगळे हसले, मीही चालू दिलं. दुसऱ्या दिवशी एका मुलानं नियम मांडला, "ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला तीन." टेबलावर ट्रॅक्टरवाले दोघे होते. बाकीच्या मुलांत एक ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला होता, आई-बाप कारखान्यावर गेले की आजीजवळ राहणारा. तो काही बोलला नाही. त्यानं फक्त आपले चिंचोके ओंजळीत घेतले आणि परत डब्यात टाकले. ट्रॅक्टरचा नियम मांडणारा मुलगा दुष्ट नव्हता. आपल्याजवळ जे आहे ते नियमात घालावं, एवढंच त्याला सुचलं होतं. चूक माझी होती, कारण निळ्या शर्टाला मी हसले होते.

तेव्हापासून माझा चौथा पक्का नियम असा आहे: नियमातली अट आज, इथे बसल्या बसल्या, कुणालाही पुरी करता आली पाहिजे. निळा शर्ट चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, "जो आठवीत आहे" चालत नाही. "जो डोळे मिटून कवड्या टाकेल" चालतं. "जो सतराचा पाढा न अडता म्हणेल" याबद्दल वाद होतो, आणि व्हावा. तिसरीतल्याला ते येत नाही, मग एक मूल म्हणतं, "बघून म्हटला तरी चालंल," आणि नियम सुधारतो. एवढा एक नियम लावलात तर तुमच्या रविवारचं निम्मं दुखणं जाईल.

दुसरं, पाळीचं. तुमच्याकडे प्रत्येक पाळीला नियम होतो, म्हणून तासात 19 झाले. एका फेरीला एकच नियम ठेवा: सहाही जणांनी कवड्या टाकल्या की एकानं नियम मांडायचा. मांडणार कोण? त्या वेळी ज्याच्याकडे सगळ्यांत कमी चिंचोके आहेत आणि ज्यानं अजून नियम मांडलेला नाही, तो. सगळ्यांचा एकेक झाल्याशिवाय कुणालाही दुसरा नाही. यानं काय होतं बघा. मागे पडलेल्याचा नियम लवकर येतो, म्हणजे जास्त फेऱ्या चालतो. पुढे असलेल्याचा शेवटी येतो, तेव्हा डाव बराचसा उरकलेला असतो. मागच्याला फुकटचे चिंचोके देण्यापेक्षा हे मला फार बरं वाटतं. फुकट दिले की पुढचा कुरकुरतो आणि मागच्याला दया केल्यासारखं लागतं. नियम मांडण्याची पाळी दिली की त्याला मान मिळतो आणि कमवायचं त्यालाच उरतं. मुद्दाम मागे राहण्यातही फार फायदा नाही, कारण सगळ्यांचा एकेक होईपर्यंत हक्क प्रत्येकाला एकदाच मिळतो.

मतदानाबद्दल माझं मत ठाम आहे: हात वर करणं बंद. एक पत्र्याचा डबा घ्या, वर झाकणाला भोक. नियम मान्य असेल तर चिंचोका, नसेल तर खडा. मूठ बंद ठेवून आत टाकायचा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा चौथीतल्या एका मुलाला विचारलं होतं की दादाच्या प्रत्येक नियमाला तू हो का म्हणायचास. तो म्हणाला, "त्यो बघायलाय ना बाई." घरी जाताना त्याच्याच सायकलवर मागे बसून जायचं होतं. डबा आला त्या दिवशी दादाचे दोन नियम पडले आणि दादाला कोण ते कळलं नाही.

एकमत की बहुमत? नोमिकमध्ये पहिल्या दोन फेऱ्या एकमत लागतं, नंतर मुद्दाम बदल केला नाही तर साधं बहुमत आपोआप लागू होतं, आणि त्यानंतर मंजूर झालेल्या नियमाविरुद्ध मत देणाऱ्याला 10 गुण मिळतात. जिंकायला 100 लागतात, म्हणजे ही भरपाई चांगलीच वजनदार आहे. मोठ्यांत ती छान चालते. मुलांत मी ती सोडून दिली, कारण गुण मिळतात म्हणून विरोध करायची सवय लागते. सहाजणांत मी चार चिंचोके मागते. आणि प्रत्येकाकडे पूर्ण खेळात एकदाच वापरता येणारा एक लाल मणी देते. तो समोर ठेवला की नियम पडला, मतं कितीही असोत. गंमत अशी की बरेचसे मणी शेवटपर्यंत हातातच राहतात. मणी आहे एवढ्यानंच नियम मांडणारा आधी चार तोंडांकडे बघून घेतो.

आता धाकट्यांचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. आपल्याकडे खेळात लहान मूल घ्यायचं असलं की त्याला लिंबूटिंबू करतात. ते पळतं, लपतं, ओरडतं, पण औट झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. किती प्रेमळ रीत आहे ही! मुलांनीच शोधलेली, कुठल्याही शिक्षकानं न शिकवलेली. पण तिच्यात एक उणीव आहे. लिंबूटिंबूला काही गमवावं लागत नाही, तसं त्याच्या असण्यानं काही ठरतही नाही. पहिलीत ते चालतं. तिसरी-चौथीतल्या मुलाला मात्र आपण मोजले जात नाही हे बरोबर कळतं.

म्हणून मी लिंबूटिंबूला काम दिलं. नियम मांडला की मतदानाआधी टेबलावरच्या सगळ्यांत धाकट्यानं तो आपल्या शब्दांत सांगायचा. सांगता आला तर मतदान. नाही आला तर मांडणाऱ्यानं पुन्हा, सोप्या भाषेत मांडायचा. दोनदा जमलं नाही तर नियम बाद. हे सुरू केलं ते फक्त धाकट्यांना सामावून घ्यायला. पण त्यानं दुसरंच एक काम केलं. लबाड नियम जवळजवळ नेहमी गुंतागुंतीचा असतो. "ज्याला मागच्या फेरीत दोन पडले आणि या फेरीत तीन, पण ज्याच्या डावीकडच्यानं नियम केलेला नाही, त्याला..." असा नियम आठवीतला मुलगा स्वतःची जागा हेरून रचतो. तिसरीतली पोर शांतपणे म्हणते, "मला नाय कळालं." मग तो सोपा करायला जातो, आणि सोपा केला की त्यातली मेख सगळ्यांना दिसते. तिला काही उलगडून दाखवावं लागत नाही.

यातही अडचणी आल्या. एका मुलानं मोठ्यांचा प्रत्येक नियम "कळाला नाय" म्हणून पाडायचा सपाटा लावला. तेव्हा हे काम दर फेरीला सगळ्यांत धाकट्या दोघांत आळीपाळीनं दिलं. आणि एक मुलगी इतकी लाजरी होती की सगळ्यांसमोर बोलायची वेळ आली की डोळे भरायचे. तिला म्हटलं, सांगू नकोस, एकदा खेळून दाखव. तिनं कवड्या टाकल्या, बरोबर तितके चिंचोके उचलले. कळल्याचा याहून चांगला पुरावा कुठला?

नियमाचं आयुष्य हा शेवटचा मोठा मुद्दा. शहाबादी फरशीवर खडूनं पाच चौकोन काढा आणि प्रत्येकात एक नियम लिहा. सहावा मंजूर झाला की सगळ्यांत जुना पुसायचा. पुसायचा म्हणजे हातानं, सगळ्यांसमोर, ज्यानं केला त्यानंच. पाचाहून जास्त नियम मुलांना ध्यानात राहत नाहीत, हे एक कारण. मोठं कारण असं की वाईट नियमही पाच नव्या नियमांनंतर मरतो. मुलांना हे ठाऊक असलं की अन्यायाची तीव्रता कमी होते. "राहू दे, पुसला जाईलच" असं ती स्वतः म्हणतात. जुना नियम कुणाला आवडत असेल तर तोच पुन्हा मांडावा, पण आपली पाळी खर्चून.

त्याबरोबर एक मर्यादा ठेवा: कुठल्याही एका नियमानं एका फेरीत कुणाला पाचाहून जास्त चिंचोके मिळू नयेत, आणि दुप्पट-तिप्पट करणारे नियम नकोत. बेरीज चालेल, गुणाकार नाही. एका चिंचोक्याची दर फेरीला दुप्पट होत गेली तर दहा फेऱ्यांनी 1024 होतात. दुसऱ्या फेरीत पुढे असलेला मुलगा मग कुणाच्याच हाती लागत नाही. मोठ्या मुलांना हे मी आधी सांगत नाही. एका डावात करू देते, मग तीच म्हणतात की हा नियम पुढच्या वेळी नको.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, खाली कवड्या-चिंचोक्यांचा साधा खेळ, त्यावर चार पक्के नियम, फेरीला एकच नवा नियम आणि तो मागे असलेल्याकडून, मत डब्यात, धाकट्याला कळल्याशिवाय मतदान नाही, आणि फरशीवर पाचच चौकोन.

भांडण होणारच. "बाई, ह्यो चीटिंग करायलाय" हे ऐकलं की लगेच धावू नका. नोमिकमध्ये वाद झाला तर पाळी असलेल्या खेळाडूच्या आधी ज्याची पाळी होऊन गेली तो न्यायाधीश असतो, आणि बाकी सगळ्यांनी एकमतानं ठरवलं तरच त्याचा निवाडा फिरतो. मी हे जसंच्या तसं घेतलं, कारण यात न्याय करणाराही बदलत राहतो. एकदा मी स्वतः एक नियम रद्द केला होता, तो खरंच अन्यायाचा होता. पण त्या टेबलावर त्यानंतर आठवडाभर एकही धाडसी नियम झाला नाही. प्रत्येकजण बोलण्याआधी माझ्याकडे बघायचा. बॅट आठवीतल्याच्या हातून सुटून माझ्या हातात आली होती, एवढंच. आता मी बोलते ते फक्त चार पक्क्या नियमांपैकी एखादा मोडला तर.

तोल जमला की नाही हे कसं ओळखायचं? वही ठेवा. प्रत्येक डावात तीन गोष्टी लिहा: अर्धा वेळ झाला तेव्हा पुढे कोण होतं, शेवटी जिंकलं कोण, आणि कुठल्या मुलाचा एकही नियम मंजूर झाला नाही. अर्ध्यात पुढे असलेलाच दर वेळी जिंकत असेल तर कुठेतरी घरंगळत्या बर्फाच्या गोळ्यासारखं वाढणारं काही शिरलंय. चिंचोक्यांची मर्यादा पाचावरून तीनवर आणा. तो कधीच जिंकत नसेल तर पहिल्या अर्ध्या तासाला अर्थ उरलेला नाही आणि मुलं तो रेटून नेतील. माझ्या वह्यांत दहा डावांपैकी सहा-सातदा तो जिंकतो तेव्हा टेबलावर चैतन्य दिसतं. दहा डावांवरून फार मोठं काही ठरवू नका, पण दिशा कळते. तिसरा रकाना मात्र दर आठवड्याला बघा. सलग दोन रविवार एकाच मुलाचा नियम पडत असेल, तर डाव सुरू व्हायच्या आधी त्याच्याजवळ पाच मिनिटं बसा आणि तो काय मांडणार आहे ते नुसतं ऐका.

आणखी एक तपासणी: आठवीतल्या त्या दोघांना एकदा बाजूला घेऊन सांगा, "पुढच्या रविवारी हा खेळ मोडून दाखवा. कुठे फट आहे ते शोधा." त्यांच्याइतक्या नेटानं हे काम कुणी करणार नाही. सापडलेल्या फटी त्यांनाच सगळ्यांसमोर मांडू द्या, आणि त्या बुजवायचा नियमही त्यांनाच सुचवू द्या. ज्या डोक्यानं तुमचा खेळ मोडला तेच डोकं तो उभा करायला सगळ्यांत कामाचं आहे, हे मी मनापासून सांगते. माझ्या शिबिरातला गुणाकार-बंदीचा नियम अशाच एका मुलानं लिहिलाय, आणि आजही त्याच्याच शब्दांत आम्ही तो वाचतो.

एक सांभाळा. तोल राखण्याच्या नादात गमतीचे नियम मारू नका. "कवड्या टाकताना प्रत्येकानं कोंबड्यासारखं आरवायचं" या नियमानं कुणाला चिंचोका मिळत नाही आणि कुणाचा जात नाही. चौकोन मात्र एक अडतो. तरी माझ्या टेबलावर असा एखादा नियम नेहमी असतो आणि सगळी एकमतानं तो मंजूर करतात. तो असेपर्यंत मला काळजी नसते.

पुढच्या रविवारी पाच नाही, तीनच चौकोन काढा. पक्के चार नियम पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा, डबा आणि खडे आधीच तयार ठेवा. मोठ्या मुलांना आल्या आल्या कवड्या शंभर वेळा टाकायला बसवा, म्हणजे तेवढा वेळ तुम्हाला मोकळा मिळेल. त्या वेळात खिडकीशी जा. त्या मुलीला खेळायला चल असं म्हणू नका. मागच्या रविवारचे 19 नियम तुमच्याकडे लिहिलेले असतील, नसतील तर आठवून लिहा, आणि तो कागद तिच्यापुढे ठेवून विचारा की यातला कुठला नियम तू ठेवला असतास. ती एकावर बोट ठेवेल. तोच पहिल्या चौकोनात तिच्या हातानं लिहून घ्या.